ईशान्येचं पाणी

देवघराच्या भिंतीतल्या भेगेत मामाजींनी अगरबत्तीची काडी घातली आणि ती न अडखळता आत गेली. मागच्या पावसाळ्यात त्याच भेगेत पोस्टकार्डाची कडही जेमतेम शिरत होती. मामाजींनी काडी बाहेर काढली, पाहिली, पुन्हा घातली. मग मागं वळून माझ्याकडे पाहिलं, जणू भेग मीच माहेराहून आणली होती.

"पाह्यलं? भिंत फुटून रायली."

मामाजी म्हणजे माझे सासरे. दिग्रसच्या स्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते, खिडकीत बसून गाड्या सोडायचे. रिटायर झाले तरी घरातला प्रत्येक माणूस वेळेवर सुटला पाहिजे हा हट्ट काही सुटला नव्हता. मला आंघोळीला उशीर झाला की "पुसद गाडी अजून फलाटावरच काय?" असं ओट्यापाशी येऊन विचारत. माझं माहेर पुसदचं, म्हणून मी पुसद गाडी. सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच गेल्या होत्या, त्यामुळं मामाजींचा सगळा अंमल माझ्यावर आणि कुमुदताईंवर चालायचा.

कुमुदताई माझ्या मोठ्या नणंद. देवघराला लागून असलेली खोली त्यांची. कारंज्याला दिल्या होत्या. नवऱ्याचा हात उठायचा, आणि एका थंडीत त्यानं त्यांना अंगणात काढून आतून कडी लावली. सकाळी त्या अंगावरच्या लुगड्यानिशी पहिल्या गाडीनं माहेरी आल्या. त्यानंतर मशीन घेऊन शिलाई करू लागल्या. दिवसभर मशीनचा आवाज यायचा, त्यांचा आवाज फारसा यायचा नाही. मी बडबडी, मला हे न बोलणं सोसायचं नाही. तरी त्या मला फार आवडायच्या, कारण सासरच्या पहिल्याच आठवड्यात माझा फाटलेला परकर न सांगता कोणी शिवून ठेवला होता तर तो त्यांनी.

तर भेग. मामाजींनी घर बांधलं ते गावाबाहेरच्या ले-आउटमध्ये, पूर्वीच्या कापसाच्या वावरात. आमच्याकडची काळी माती तुम्हाला ठाऊक असेल तर पुढचं सांगायला नको. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की बकरीच्या पिल्लाचा पाय अडकतो, आणि पाणी प्याली की ती पोळीच्या कणकेसारखी फुगते. तिच्यावर उभं राहिलेलं घर तिच्यासोबत वर-खाली होतं. म्हणून पायापाशी पाणी मुरू द्यायचं नाही, एवढं आमच्या दुकानातलं पोरगंही सांगेल. माझ्या बाबांचं पुसदला पाइप आणि मोटारपंपाचं दुकान होतं. मी बाहुल्यांच्या जागी एल्बो आणि टी घेऊन खेळलेली.

पण मामाजींनी घर बांधताना लोणकर नावाच्या वास्तुवाल्याचं ऐकलं होतं. पाणी ईशान्येला असावं, म्हणून सगळ्या स्लॅबचा उतार ईशान्येला. तिथून एकच पाइप खाली, आणि पाइपच्या तोंडाशी, भिंतीला चिकटून, सिमेंटची छोटी कुंडी. आलेली लक्ष्मी तिथं थांबावी म्हणून. लक्ष्मी थांबायची आणि कुंडीच्या फटीतून सरळ देवघराच्या पायात जायची.

भेग वाढलेली दिसल्यावर मामाजींनी पुन्हा त्याच लोणकराला बोलावलं. तो होकायंत्र घेऊन घरभर फिरला, कुमुदताईंच्या खोलीच्या दारात थांबला, आत डोकावला. मशीन थांबली. मग बैठकीत येऊन त्यानं हलक्या आवाजात सांगितलं, लग्न झालेली लेक देवघराला पाठ लावून निजते, हा भार ती भिंत घेत नाही. लेक आपल्या घरी गेली की भिंत आपोआप शांत होईल.

मी चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी होते. पाणी कुठून पडतं ते त्या माणसाला विचारावं असं फार वाटलं, पण मामाजींनी डोळ्यांनी मला आत पाठवलं.

दोन दिवसांनी कळलं की मामाजींनी कारंज्याला निरोप धाडला आहे. पोळ्याला कुमुदताईंचे जेठ, म्हणजे मोठे दीर, वसंतराव येणार, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना नांदायला घेऊन जाणार. मामाजींनी हे जेवताना सांगितलं, ताटाकडे पाहत. माझे यजमान वीज मंडळात वायरमन, ते नेमके त्या दिवशी लाइनवर होते. कुमुदताईंनी ऐकलं, ताटातला भात संपवला, हात धुतला आणि मशीनवर जाऊन बसल्या. थोड्या वेळानं मशीन सुरू झाली. मला वाटलं होतं रडतील. त्यापेक्षा ते मशीन ऐकणं वाईट होतं.

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच मामाजींना गाठलं. ते व्हरांड्यात पेपर वाचत होते.

"मामाजी, पाइप फोडून दुसऱ्या कोपऱ्याला नेऊ."

ते शक्य नव्हतं. ईशान्य म्हणजे ईशान्य. मी म्हटलं, "आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी चाललंय तुमचं. पाणी मुरतं पायात, आणि घराबाहेर काढता ताईंना." एवढं बोलल्यावर कोणताही सासरा उठून गेला असता. मामाजींनी पेपरची घडी घातली.

"मंग तू काय करणार?"

"पाइप ईशान्येलाच ठेवते. फक्त तोंड पुढं नेते. भिंतीपासून लांब. तिथंही ईशान्यच आहे न जी."

"कुंपणाबाहेर नाही जाऊ देणार. आलेली लक्ष्मी कोणी रस्त्यावर सोडते काय?"

"कुंपणाच्या आतच. सीताफळापर्यंत."

सीताफळाचं झाड कुंपणाच्या त्याच कोपऱ्यात होतं. तिथली जमीन उतरती, आणि पाणी तिथं मुरलं तर झाडाला आनंदच. मामाजींना आक्षेप सापडेना. तेव्हा मी दुसरी मागणी पुढं केली. पोळ्यापर्यंत भेग वाढली नाही, तर ताई इथंच राहतील. वसंतराव पुरणपोळी खाऊन परत जातील.

मामाजींनी घडी घातलेला पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाले, "अन् वाढली तर?"

"नाही वाढत."

"मी विचारलं वाढली तर."

"तर तुमचा लोणकर खरा," मी म्हटलं. तेव्हा मी तरुण होते आणि चार इंची पाइपवर माझा देवापेक्षा जास्त विश्वास होता.

संध्याकाळी घरात सभा भरली. प्रत्येकाकडे आपापला उपाय होता. यजमानांनी हिरवा रबरी पाइप सुचवला, तोंडाला तारेनं बांधायचा, की झालं. मी म्हटलं, स्लॅबवरचा कडुलिंबाचा पाला त्यात एकदा अडकला की पहिल्या जोराच्या सरीला तो सुटून नागासारखा अंगणभर नाचेल. मामाजींना विटांची पक्की नाली हवी होती, वरून सिमेंटचा गिलावा. त्यांचा मान राखून मी सांगितलं की काळ्या मातीवर विटांची नाली म्हणजे उन्हाळ्यात चार तुकडे, आणि नेमकं भिंतीपाशीच गळणार. पत्र्याची पन्हळ ढोरांच्या पायाखाली चेपली असती. मला हवा होता कडक पाइप, चार इंची. खाली वळणाला काटकोनी बेंड नको, अर्धा बेंड हवा, म्हणजे पाला अडकत नाही. जोड रबर रिंगचे, सोल्यूशननं चिकटवलेले नाहीत, कारण माती हलली तर पाइपनंही थोडं हललं पाहिजे, आणि अडकलंच तर हातानं उघडता आलं पाहिजे. पाइप जमिनीत गाडायचा नाही, विटांवर उतार देऊन ठेवायचा. कुंडी फोडायची, आणि भिंतीलगत मुरूम चोपून जमीन बाहेरच्या बाजूला उतरती करायची.

"हे सगळं तुले कोणी शिकवलं?" मामाजींनी विचारलं.

"गिऱ्हाइकांनी. चुकीचा पाइप नेऊन परत यायची ती."

बाबांनी पाइप पुसदच्या गाडीच्या टपावर टाकून पाठवले. स्टँडवरून मामाजींना फोन आला की साहेब, तुमच्या सूनबाईचे पाइप आले, टपावरून कोण उतरवणार? मामाजी स्वतः गेले. ज्या टपावर विनापरवाना पोतं दिसलं की ते कंडक्टरला फैलावर घ्यायचे, त्याच टपावरून सुनेचे पाइप उतरवताना त्यांना सगळा डेपो बाहेर येऊन पाहत होता म्हणे. घरी आले ते पाइप कुंपणाला टेकवून आत गेले.

जोडणी मी आणि कुमुदताईंनी केली. त्यांनी पदर खोचला, कुंडी फोडली आणि मुरूम असा चोपला की मला धुमसाला हात लावू दिला नाही. सुतळी धरून उतार पाहिला. स्लॅबवरून घागर ओतली, पाणी घळघळ सीताफळापाशी जाऊन पडलं, भिंतीपाशी थेंब नाही. मी टाळी वाजवली. कुमुदताई हसल्या. त्यांचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले असतील.

मग राहिली खूण. भेग वाढते की नाही हे अगरबत्तीनं ठरणार नव्हतं. बाबांच्या ओळखीचे एक मिस्त्री भेगेवर आडवी काचेची पट्टी बसवायचे, दोन्ही टोकं पांढऱ्या सिमेंटनं पक्की. भिंत जराही हलली की काच तडकते. मला बारीक पट्टी हवी होती, फोटोवाल्याकडे जायच्या बेतात होते.

"माह्याकडे आहे," कुमुदताई म्हणाल्या.

त्या खोलीत गेल्या आणि पेटीतून एक फोटो घेऊन आल्या. त्यांच्या लग्नाचा. मागचे खिळे कात्रीनं वाकवले, काच काढली, फोटो परत पेटीत उलटा ठेवला. काच माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "काप." बाबांच्या दुकानातून आणलेल्या हिरकणीनं मी त्या काचेची बोटभर रुंदीची पट्टी कापली आणि आम्ही दोघींनी ती देवघराच्या भेगेवर बसवली.

त्यानंतर पाऊस लागला, असा लागला की यजमान दोन-दोन दिवस घरी येत नव्हते. पाइप आपलं काम करत होता. रोज सकाळी मामाजी पूजेला बसले की मी ओट्यावरून विचारायची, "मामाजी, काच?" आणि आतून स्टँडवरच्या घोषणेच्या आवाजात उत्तर यायचं, "शाबूत."

पहिल्या मोठ्या पावसानंतर मामाजींनी काचेवर झेंडूचा हार घालायला सुरुवात केली. भेगेच्या वर एक खिळा ठोकला आणि त्याला हार. मला हसू आलं. म्हटलं, मामाजी, आता काचेचीही पूजा काय?

"तुह्या विद्येले मान देऊन रायलो," ते म्हणाले.

मला ते आवडलं. हाराच्या दोन्ही बाजूंना सिमेंटची टोकं दिसायची, घट्ट बसलेली. मी निश्चिंत होते. शेजारच्या दोन घरांना तर मी पाइपचा सल्लाही देऊन टाकला.

पोळ्याच्या दिवशी दुपारी वसंतराव आले. जाड, गोड बोलणारा माणूस. व्हरांड्यात खुर्ची घेऊन बसले आणि घरी जाऊबाईंना कुमुदताईंची किती आठवण येते ते सांगू लागले. कुमुदताईंनी त्यांना पाणी दिलं, पाया पडल्या आणि आत येऊन पुरण वाटायला बसल्या. त्यांची पिशवी खोलीच्या कोपऱ्यात भरून ठेवलेली मी पाहिली. मी म्हटलं, पिशवी सोडा, काच शाबूत आहे. त्या म्हणाल्या, "बाबा बोलतीन तवा खरं."

संध्याकाळी गावंडेंची बैलजोडी बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, घ्यायला दारोदार फिरत आमच्याकडे आली. शिंगांना बेगड, पाठीवर झूल. आम्ही बैलांचे पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळी चारली. तेवढ्यात आभाळ कडाडलं. उजवीकडचा बैल बुजला, मागं सरला आणि त्याचा खूर थेट पाइपवर पडला. गडबडीत जोडाचं काय झालं ते कोणी पाहिलं नाही. बैल घेऊन माणसं पळाली, आणि मी व कुमुदताई नैवेद्याचं ताट घेऊन शेजारच्या आजींकडे गेलो. तिथंच पावसानं गाठलं. समोरचं घर दिसेनासं झालं. पाऊस जरा कमी झाल्यावर आम्ही पदर डोक्यावर घेऊन परत निघालो.

फाटक उघडलं आणि मी जागीच थांबले.

भिंतीपाशीचा जोड निखळला होता. पाइपचा लांब भाग विटांवरून घसरून चिखलात पडला होता. आणि मामाजी, पोळ्याचं पांढरं शुभ्र धोतर नेसलेले, ईशान्येच्या कोपऱ्यात चिखलात बसले होते. पाइपचं निखळलेलं तोंड त्यांनी उचलून खांद्यावर घेतलं होतं आणि वरून येणाऱ्या पाण्याखाली हातानं धरून ठेवलं होतं. पाणी त्यांच्या मानेवरून, छातीवरून वाहत होतं, पण पाइपमधून सीताफळाकडे जात होतं. भिंतीपाशी ते पडू देत नव्हते. टोपी कुठं गेली होती कोणास ठाऊक.

व्हरांड्यातून वसंतराव म्हणत होते, "काकाजी, एखाद्या गड्याले सांगा न. भिजून काहून रायले?"

मामाजींनी पाइप आणखी घट्ट धरला. आम्हाला पाहिल्यावर ओरडले, "रिंग पडली वाटते. पाहा."

कुमुदताई धावल्या. ताट मी कुठं ठेवलं ते आजही आठवत नाही. कुमुदताईंनी चिखलात हात घालून रिंग शोधली, लुगड्याला पुसली आणि माझ्याकडे दिली. मी जोड बसवू लागले. बोटं घसरत होती. कुमुदताई म्हणाल्या, "बाबा, तुमी उठा, मी धरते." मामाजींनी पाइप सोडला नाही, जरा बाजूला सरकले. मग बापलेकींनी तो मिळून धरला आणि मी रिंग बसवून जोड आत ढकलला. खट असा आवाज आला.

मामाजी उठले. धोतराचा काळा चिखल झाला होता. तसेच व्हरांड्याच्या पायरीपाशी गेले.

"वसंतराव, सकाळी सव्वासहाची कारंजा गाडी आहे. खिडकीपाशी सांगून ठेवतो. एक सीट धरतीन."

"दोन म्हणा न काकाजी."

"एकच. माह्या सुनेनं काच लावली होती भिंतीले. शाबूत आहे ते. भिंत हालली नाही, तर मी पोरीले काहून हालवू?"

वसंतराव काहीतरी बोलले, नातं, लोक, मान. मामाजींनी ऐकून घेतलं, मग मला सांगितलं की पाहुण्यांना गरम पुरणपोळी वाढ, आणि तूप कमी नको. कुमुदताई पाइपपाशीच उभ्या होत्या. त्या पहिल्यांदा रडल्या त्या तेव्हा, आणि पावसात कोणाला कळणार नाही असं त्यांना वाटलं असावं. मला कळलं.

सकाळी वसंतराव एकटे गेले. कुमुदताई त्यानंतर त्याच खोलीत राहिल्या. त्यांच्या मशीनच्या जागी पुढं तीन मशिनी आल्या, आणि गावातल्या निम्म्या पोरी त्यांच्याकडे शिवण शिकल्या. भिंतीबद्दल मी आजही मान वर करून सांगते. पुढच्या पावसाळ्याआधी भेग बुजवून मी नवी काच लावली, ती अजून जशीच्या तशी आहे. घर बांधणारा कोणी भेटला की मी त्याला सांगते, चार इंची घे, अर्धा बेंड घे, रिंगचा जोड घे, आणि पाणी पायापासून लांब ने. आमच्या घरात एका पाइपनं काय वाचवलं तेही सांगते. एवढंच सांगते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची, तान्ह्या पोळ्याची ती सकाळ सांगत नाही. वसंतराव गेल्यावर मी आंघोळ करून देवघरात गेले. हार सुकला होता, म्हटलं आज आपल्या हातानं बदलावा. खिळ्यावरून काढला. काच मधोमध तडकलेली होती, भेगेच्या रेषेवर, वरपासून खालपर्यंत. काल संध्याकाळचा तडा नव्हता तो. त्याच्यात अगरबत्तीची राख आणि कुंकू कित्येक दिवसांचं बसून काळं झालं होतं. पायात मुरलेलं जुनं पाणी माझ्या पाइपची वाट पाहत थांबलं नव्हतं.

माझ्या हातातला हार तसाच राहिला. मागं मामाजी पूजेचं तबक घेऊन उभे होते. ते कधी आले कळलं नाही. त्यांनी काचेकडे पाहिलं, मग दाराबाहेर, जिथून मशीनचा आवाज येत होता.

"लग्नाच्या फोटोची काच पातळच राह्यते," ते हळू म्हणाले. "ते जायचीच होती. नवा हार घाल त्याच्यावर."